तबेल्यापासून बाटलीपर्यंत : आरे आणि मुंबईच्या दुधाची पंचाहत्तर वर्षे

गोरेगावच्या डोंगरउतारावर ४ मार्च १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी रोप लावून आरे दूध वसाहतीचे उद्घाटन केले. त्या दिवसाला आता पंचाहत्तर वर्षे होत आहेत. अशा निमित्ताने संस्थेचा इतिहास लिहायचा तर तो लिटर, टँकर आणि इमारती यांच्या हिशेबात मांडण्याची पद्धत आहे. या लेखात तो आरोग्याच्या बाजूने मांडला आहे. मुंबईला दूध कमी पडत होते हे खरे. पण जे मिळत होते त्यातून घरोघरी काय पोचत होते, ही चिंता या योजनेच्या मुळाशी टंचाईइतकीच होती. नंतरच्या पिढ्यांना शुद्ध दूध इतके सवयीचे झाले की ही चिंता विस्मरणात गेली.

आरेपूर्वीची मुंबई

लेम्युएल लुकास जोशी यांनी १९१६ साली भारतीय शहरांतील, विशेषतः मुंबईतील, दुधाच्या प्रश्नावर इंग्रजीत एक ग्रंथच प्रसिद्ध केला. आरे उभी राहण्याच्या पस्तीस वर्षे आधीची ही गोष्ट. तेव्हा मुंबईचे दूध मुंबईतच निघत असे. चाळींना आणि बाजारांना खेटून तबेले होते. एकेका छपराखाली दाटीने बांधलेल्या म्हशी, पायाखाली शेणमुताचा राडा, उघडे गटार आणि त्यावर माशा. गवळी पहाटे धार काढायला बसे तेव्हा कास धुवायला आणि हात खंगाळायला पाणी एकाच बादलीतले. कासंडीतले दूध कॅनमध्ये ओतले जाई आणि वाटेत हिंदकळून सांडू नये म्हणून कॅनच्या तोंडाशी गवताचा बोळा कोंबला जाई. तो बोळा कुठल्या गवताचा आणि कालचा की आजचा, हे कोण विचारणार? मग रतीब घालत घालत दोन-तीन तासांनी ते दूध शेवटच्या घरी पोचे.

दुधात रोग दोन वाटांनी शिरतो. पहिली वाट जनावराच्या अंगातून. क्षयाने पछाडलेली गाय किंवा म्हैस वरून धडधाकट दिसली तरी तिच्या कासेतून क्षयाचे जंतू उतरू शकतात. सांसर्गिक गर्भपात झालेल्या जनावराच्या दुधात ब्रुसेला जंतू असतात. माणसाला त्यातून चढउतार होणारा, आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा ताप येतो आणि सांधे धरतात. सडांना दगडी झाली असेल तर त्या कासदाहाचे जंतू थेट धारेत येतात. दुसरी वाट बाहेरून आहे. धार काढणाऱ्याचे हात, त्याचा खोकला, भांडे, माशी, धूळ, आणि सगळ्यांत घातक म्हणजे पाणी. दुधात पाणी घालणे ही ग्राहकाची लूट आहे, असेच आपण मानत आलो. पण त्या पाण्यातून विषमज्वर, हगवण आणि कावीळ पसरते. लुटीपेक्षा हे कितीतरी भयंकर. विषमज्वरातून बरा झालेला माणूस पुढे कित्येक महिने, कधी वर्षेही, जंतू बाहेर टाकत राहू शकतो. तो दुधाच्या धंद्यात असेल तर त्याच्या नकळत एक अख्खी गल्ली आजारी पडते.

या दोन वाटांनी आत आलेले जंतू मूठभर असले तरी दूध त्यांना वाढवते. त्यात साखर आहे, प्रथिने आहेत, पाणी आहे. आणि मुंबईच्या हवेत ऊबही आहे. अनुकूल उष्णतेत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. पहाटे पाचला काढलेले आणि आठला पोचलेले दूध चवीला तेच लागते, पण ते आता तेच दूध नसते.

हे ज्ञान जगालाही सावकाश झाले. इंग्लंडमधील पेनरिथ येथे १८५७ साली डॉक्टर टेलर यांनी विषमज्वराच्या साथीचा माग दुधापर्यंत काढला, तेव्हा जंतूंची कल्पना अजून रुजायची होती. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टातील तापाचा जंतू शोधला. तरी तो माणसात येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडले. थेमिस्टोक्लीस झामिट यांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये सापडला. पुढच्याच वर्षी सैनिकांचे शेळीचे कच्चे दूध बंद केले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. थोरामोठ्यांचेही अंदाज चुकले. क्षयाच्या जंतूचे संशोधक रॉबर्ट कॉख यांनी १९०१ साली लंडनच्या परिषदेत गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही असे सांगितले. ब्रिटिश आयोगाने दहा वर्षे तपास करून १९११ मध्ये तो धोका खरा असल्याचे दाखवून दिले, तोवर दुधातून पसरलेल्या क्षयाने किती मुले गेली असतील याचा विचारही करवत नाही.

आपल्याकडे एक मोठे संरक्षण पूर्वापार होते. दूध तापवल्याशिवाय घरात घ्यायचे नाही, हा रिवाज. आपल्या आयाआज्यांनी चुलीवर दूध उतू जाईतो तापवून जितकी मुले वाचवली, त्याची नोंद कुठल्या दप्तरात नाही. पण या रिवाजालाही फटी होत्या. धारोष्ण दूध ताकदीचे, अशी समजूत होती आणि आजारातून उठलेल्या माणसाला ते मुद्दाम दिले जाई. कच्च्या दुधाचे लोणी, बाजारातली लस्सी यांना उकळी लागत नसे. तापवलेले दूध पुन्हा न झाकता ठेवले की माशी हजर असे.

१९४५ ते १९५१ : पायाभरणी

दुसऱ्या महायुद्धाने मुंबईची वस्ती फुगवली आणि दुधाची अवस्था आणखी बिकट केली. त्या काळात मुंबईच्या दुधाचा नमुना इंग्लंडला तपासणीसाठी गेला आणि ते दूध लंडनच्या गटाराच्या पाण्याहूनही दूषित असल्याचा निष्कर्ष आला, ही हकिकत डॉ. वर्गीस कुरियन यांनी आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. सरकारने १९४५ मध्ये मुंबई दूध योजना हाती घेतली. चारशे किलोमीटरहून दूर असलेल्या आणंदचे दूध पाश्चरीकरण करून रेल्वेने मुंबईला आणण्याची व्यवस्था झाली. त्याच पुरवठ्याच्या प्रश्नातून खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा सहकारी संघ १४ डिसेंबर १९४६ रोजी स्थापन झाला आणि जून १९४८ पासून त्यांचे दूधही या योजनेसाठी पाश्चरीकृत होऊ लागले. मुंबईच्या आणि आणंदच्या धुरिणांमध्ये पुढे दराविषयी आणि पुरवठ्याविषयी अनेकदा चर्चा झडल्या. प्रत्येकजण आपापल्या माणसांची बाजू प्रामाणिकपणे मांडत होता आणि दूध मात्र येत राहिले.

या योजनेचा कणा होते दारा नसरवानजी खुरोडी. १९०६ साली महू येथे जन्मलेल्या खुरोडींनी दुग्धशास्त्राचे शिक्षण बंगळूरला घेतले आणि पुढे मुंबईचे दूध आयुक्त झाले. त्यांचा विचार थेट होता. शहरातल्या तबेल्यात दूध स्वच्छ निघणेच शक्य नसेल, तर दूध तपासत बसण्यापेक्षा म्हशीच शहराबाहेर न्याव्यात. १९४९ पासून गोरेगावच्या सुमारे १,२८७ हेक्टर जागेवर त्याची मांडणी सुरू झाली. या जागेत वारली आणि इतर आदिवासी बांधवांचे पाडे आधीपासून होते, हे इथे आवर्जून नोंदवले पाहिजे. वसाहतीच्या उभारणीत आणि पुढच्या चाकरीत त्यांचे हात लागले आहेत.

१९५१ ते १९६० : युनिटे आणि बाटल्या

आरेची मांडणी आजही थक्क करते. म्हशी मालकांच्याच राहिल्या. सरकारने गोठे बांधून दिले, पाणी, चारा आणि पशुवैद्य पुरवले आणि दूध मोजून घेतले. प्रत्येक गोठ्याला क्रमांक. आरेत राहणारा माणूस पत्ता सांगताना आजही ‘युनिट नंबर’ सांगतो. फरशीला उतार, शेणमूत वाहून नेणाऱ्या नाल्या आणि त्याच खतपाण्यावर वाढणारे पॅरा गवत. रोगप्रसाराची साखळी इथे पहिल्याच कडीपाशी तुटत होती. जनावर उजेडात आले, त्याच्याखालची जमीन धुतली जाऊ लागली आणि आजारी जनावर वेगळे काढणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर आला. शेकडो गवळी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे शहरातले बस्तान हलवून इथे यायचे मान्य केले. सुरुवातीला कुरबुरी झाल्या, पण त्यांच्या सहकार्याशिवाय हा प्रयोग एक दिवसही चालला नसता.

दुसरी कडी दुग्धशाळेत तुटे. पाश्चरीकरणाचे दोन प्रघात आहेत. दूध ६३ अंश सेल्सियसला ३० मिनिटे ठेवायचे, नाहीतर ७२ अंशाला १५ सेकंद; आणि दोन्हीत लगेच थंड करायचे. हे आकडे अंदाजाने ठरलेले नाहीत. दुधातील बिगरबीजाणू रोगजंतूंपैकी उष्णतेला सर्वांत चिवट जे जंतू, ते मरावेत या हिशेबाने ते बसवले आहेत. आधी मानदंड क्षयाच्या जंतूचा होता. क्यू ज्वराचा जंतू त्याहून थोडा चिवट निघाला म्हणून अमेरिकेत १९५६ मध्ये कढईतल्या पाश्चरीकरणाची मर्यादा ६१.७ अंशांवरून जवळपास ६३ अंशांवर नेली. एक-दीड अंशाचा हा फरक. पण दुग्धशाळेतला माणूस तापमापीवरच्या अर्ध्या अंशासाठी का भांडतो, ते यावरून कळावे.

आणि हे घडले की नाही ते कळणार कसे? इथे प्रयोगशाळेतल्या माणसांचे काम सुरू होते, आणि आमच्या मते संस्थेच्या इतिहासातले हे सर्वांत दुर्लक्षित पान आहे. कच्चे दूध येताच परीक्षानळीत दहा मिलिलिटर घेऊन त्यात मिथिलीन ब्लूचा एक मिलिलिटर द्राव घालतात आणि नळी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवतात. दूध निळे होते. जंतू श्वसन करताना त्यातला प्राणवायू संपवतात आणि निळा रंग उडतो. अर्ध्या तासाच्या आत नळी पांढरी झाली तर दूध अत्यंत वाईट. पाच तासांनंतरही निळेपण टिकले तर उत्तम. पाश्चरीकरणानंतर फॉस्फटेज चाचणी. फॉस्फटेज हे दुधात निसर्गतःच असणारे विकर. क्षयाचा जंतू मरायला जितकी उष्णता लागते त्याहून किंचित जास्त उष्णता या विकराच्या नाशाला लागते. विकर शिल्लक असेल तर चाचणीत पिवळा रंग उमटतो. रंग उमटला की समजायचे, दूध पुरेसे तापले नाही, नाहीतर त्यात कुठूनतरी कच्चे दूध मिसळले. पहाटे नळ्यांच्या रांगेसमोर बसून ज्यांनी आयुष्यभर हा रंग उमटू नये म्हणून डोळे ताणले, त्यांच्यामुळे मुंबईची मुले निर्धास्त दूध प्यायली.

तिसरी कडी बाटली. काचेची बाटली घरोघर जाई आणि परत येई, म्हणजे आजाऱ्याच्या घरूनही येई. कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यातून ती निघाली की उजेड पाडलेल्या पडद्यासमोरून सरके आणि तिथे बसलेली बाई तळाशी डाग, साय किंवा तडा दिसला की ती बाजूला काढी. भरल्यावर वर पातळ धातूच्या पन्नीचे टोपण. ते टोपण घट्ट बसले म्हणजे गवताच्या बोळ्याचा काळ संपला.

टोन्ड दूध ही खुरोडींची देणगी. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून स्निग्धांश ३ टक्के आणि इतर घन पदार्थ ८.५ टक्के राखायचे. दूध स्वस्त झाले आणि प्रमाणही वाढले. गिरणी कामगाराच्या घरी जे दूध पूर्वी चहापुरते येई, ते मुलाच्या पेल्यात पडू लागले. गवळ्याने पाणी घालणे आणि दुग्धशाळेने पाणी घालणे यांतला फरक काही ग्राहकांना पटायला वेळ लागला. फरक इतकाच होता की हे पाणी शुद्ध केलेले होते, मोजलेले होते आणि त्यानंतर सगळे मिळून पुन्हा तापवले जात होते.

१९६१ ते १९७० : गौरव आणि विस्तार

खुरोडी आणि खेडा संघाचे त्रिभुवनदास पटेल व कुरियन यांना १९६३ सालचा रेमन मॅगसेसे पुरस्कार एकत्र देण्यात आला. आरेच्या साऱ्या सेवकवर्गाने तो आपलाच मानला. या दशकात वरळीची दुग्धशाळा मोठ्या प्रमाणावर काम करू लागली. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ मध्ये आणि राज्याचा सहकारी दूध महासंघ १९६७ मध्ये स्थापन झाला. मुंबईच्या दुधाचा उगम आता गोठ्यातून घाटमाथ्यावर सरकू लागला.

त्याबरोबर रोगाचा प्रश्नही बदलला. एका तबेल्याचे दूध बिघडले तर एक गल्ली आजारी पडते. हजारो शेतकऱ्यांचे दूध एका टाकीत मिसळले की एका बाधित जनावराचे दूध सगळ्या शहरात वाटले जाऊ शकते. मोठी दुग्धशाळा सुरक्षितता देते तेव्हा प्रचंड देते, आणि चुकते तेव्हा चूकही तितकीच पसरते. म्हणून गावागावांत शीतकरण केंद्रे आली. दूध काढल्यावर लवकरात लवकर थंड करायचे, म्हणजे जंतूंची वाढ मंदावते. पहाटे सायकलवर कॅन बांधून केंद्राची वेळ गाठणारा शेतकरी या साखळीतला तितकाच जबाबदार सेवक होता.

१९७१ ते १९८० : केंद्रांसमोरच्या रांगा

दुग्ध महापूर योजना १९७० मध्ये सुरू झाली आणि मुंबई तिच्या पहिल्या चार महानगरांपैकी एक होती. कुर्ल्याला नवी दुग्धशाळा आली. शहरात म्हशी पाळण्यावर आणि त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा १९७६ चा. म्हशींसाठी पालघरकडे दापचरी प्रकल्पाची उभारणी झाली.

मुंबईकरांच्या मनात मात्र हे दशक आरेच्या दूध केंद्रांचे आहे. कॉलेजला जाणारी कितीतरी मुले-मुली पहाटे केंद्र सांभाळून, हिशेब देऊन मग वर्गात बसत. त्या मिळकतीवर शिकलेली माणसे पुढे मोठ्या पदांवर गेली. गाडी उशिरा आली की रांगेचा राग त्यांनाच ऐकावा लागे, आणि नासलेली बाटली परत घेण्याचा मनाचा मोठेपणाही त्यांनाच दाखवावा लागे.

१९८१ ते २००० : पिशवी आणि स्पर्धा

राज्याच्या दूध महासंघाची महानंद दुग्धशाळा १९८३ मध्ये गोरेगावलाच सुरू झाली. काचेच्या बाटलीची जागा हळूहळू प्लास्टिकच्या पिशवीने घेतली. एकदाच वापरायची असल्याने तिने बाटली धुण्याचा प्रश्न मिटवला. १९९१ नंतरच्या खुल्या धोरणात खासगी दुग्धशाळा आल्या आणि सरकारी योजनेचा बाजारातील वाटा कमी होत गेला. त्या काळात निर्णयांबाबत वेगवेगळी मते होती. त्यांचा ऊहापोह करण्याची ही जागा नव्हे.

याच काळात साऱ्या जगाच्या दुग्धशाळांना हादरा देणारी घटना अमेरिकेत घडली. १९८५ साली शिकागोच्या परिसरात एका दुग्धशाळेच्या पाश्चरीकृत दुधातून साल्मोनेलाची साथ पसरली आणि तपासणीतून सिद्ध झालेले रुग्णच १६ हजारांहून अधिक होते. दूध तापवल्यानंतर पुढे त्यात पुन्हा जंतू शिरण्याला कुठेतरी वाव राहिला होता. नळ, सांधे, झडपा, टाकीचे झाकण यांची स्वच्छता ही तापमानाइतकीच महत्त्वाची, हे त्यातून पक्के झाले. आरेच्या धुलाई विभागातील कामगार हे काम रोज, पाळी संपल्यावर, पाइप सुटे करून करत आले होते.

२००१ ते आजपर्यंत

अन्नसुरक्षा कायदा २००६ मध्ये आला आणि दुधाचे नियम देशभर एका छत्राखाली आले. वरळीची दुग्धशाळा आता बंद आहे, दूध संकलनाचे काम मुख्यतः सहकारी आणि खासगी संस्थांकडे गेले आहे. आरे आज मुंबईला जंगल म्हणूनच अधिक ठाऊक आहे. पण युनिटांमध्ये आजही हजारो म्हशी आहेत आणि पहाटेची धार चुकलेली नाही.

दुधाचे धोकेही पालटले आहेत. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीने घातक ठरलेले त्यांत अवघे १२ निघाले, मात्र ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होते. बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून हे विष जनावराच्या पोटात जाते आणि दुधात उतरते. काही नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंशही सापडले. ही दोन्ही उकळल्याने जात नाहीत. स्टॅफिलोकॉकसने एकदा दुधात विष सोडले की जंतू मेल्यावरही ते विष टिकते. म्हणजे चुलीवरचे संरक्षण इथे अपुरे पडते आणि काम पुन्हा गोठ्याकडे येते. पेंड कोरडी ठेवणे, औषध दिलेल्या जनावराचे दूध ठरलेल्या मुदतीपर्यंत बाजूला काढणे, दगडी वेळीच ओळखणे.

ब्रुसेलाची लढाईही गोठ्यातच चालू आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या पारड्यांना आणि कालवडींना आयुष्यात एकदाच लस टोचली जाते. वय उलटले तर ही लस देता येत नाही. दुभती म्हैस बाहेरून विकत आणायची आणि भाकड झाली की विकायची, ही मुंबईच्या धंद्याची जुनी रीत. त्यामुळे जनावर आरेत येते तेव्हा त्याचे लसीचे वय कधीच सरलेले असते. म्हणून नव्या जनावराची रक्ततपासणी, काही दिवस वेगळे बांधणे आणि गाभडलेल्या म्हशीचा वार हातमोजे घालून खोल पुरणे, एवढेच उपाय हाती राहतात. हा आजार दुधाइतकाच अशा वेळी उघड्या हातांनाही लागतो. गवळी आणि पशुवैद्य यांना तो आधी गाठतो. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर शेजारीच असल्याने तिथले विद्यार्थी असली कामे इथल्या जनावरांवर शिकत आले आहेत.

आरेच्या आसपासच्या वस्त्यांत आणि उपनगरांत सुटे दूध आजही विकले जाते, आणि त्याचा ताजेपणा गिऱ्हाइकाला आवडतो. ते घेणाऱ्यांनी एक उकळी फुटू द्यावी, ढवळून आणखी थोडा वेळ तापवावे, झाकून निववावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे. घरी त्याचे पनीर किंवा दही करायचे असेल तरी आधी उकळावे, आणि गरोदर बाईला किंवा तान्ह्या मुलाला कच्चे दूध कोणी कितीही प्रेमाने आणून दिले तरी देऊ नये. युनिटांमधील गोठेमालकांना आमचे सांगणे असे की, म्हैस गाभडली, ताप रेंगाळला किंवा सडाला गाठ लागली तर ते लपवू नये. त्याच दिवशी पशुवैद्याला कळवावे आणि तपासणी होईपर्यंत त्या जनावराचे दूध वेगळ्या भांड्यात काढावे.